मोठ्या इमारतींच्या कार्बन दंडाचा अंदाज: न्यूयॉर्कचा कायदा आणि संभाजीनगरच्या टेबलावरचा हिशोब

गेल्या दिवाळीत नांदेडकडचा एक तरुण अभियंता छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आला आणि लॅपटॉपवर एक तक्ता उघडून बसला. पुण्यातल्या एका कार्यालयातून न्यूयॉर्कमधल्या इमारतींचे वीज-गॅसचे हिशोब ठेवण्याचे काम तो करतो. तक्त्यातल्या इमारतीचा कार्बन दंड, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कार्बन हवेत सोडल्याबद्दलचा दंड, शून्य आला होता आणि त्यावर वरिष्ठांसह सगळे खूश होते. मात्र जुन्या वाफेच्या बॉयलरवर चालणारी, हिवाळाभर तापवत ठेवावी लागणारी इमारत इतकी सोवळी असेल, हे त्याला स्वतःला पटत नव्हते. चूक सापडायला पंधरा मिनिटे लागली. गॅसच्या बिलावरचा आकडा थर्म या उष्णतेच्या एककात होता आणि तक्त्यात तो हजार बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचे त्याहून बरेच लहान एकक) समजून भरला गेला होता. एका थर्ममध्ये शंभर हजार बीटीयू असतात, त्यामुळे ४७८ टन उत्सर्जन तक्त्यात जेमतेम पावणेपाच टन दिसत होते.

वीस वर्षे ऊर्जा लेखापरीक्षण केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दंडाचे गणित सातवीतला मुलगाही करू शकतो, पण त्या गणितात जे चार-पाच आकडे घालायचे ते गोळा करताना मोठमोठे सल्लागार घसरतात. म्हणून या लेखात सूत्रापेक्षा आकडे कुठून आणायचे आणि ते कसे तपासायचे यावर जास्त भर दिला आहे. उदाहरण न्यूयॉर्कचे घेतले आहे, कारण टनामागे ठरावीक दर लावून इमारतीच्या मालकाला दंड करणारा सर्वांत ठळक कायदा त्या शहराचा आहे. शेवटी हीच पद्धत आमच्या शहरातल्या जालना रोडवरच्या एखाद्या संकुलाला लावली तर काय दिसते, तेही पाहू.

कायदा काय मोजतो

न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये ‘लोकल लॉ ९७’ हा कायदा केला. सर्वसाधारणपणे २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना तो लागू होतो. एकाच भूखंडावर दोन किंवा अधिक इमारती असतील आणि त्यांचे एकत्रित क्षेत्र ५०,००० चौरस फुटांच्या पुढे जात असेल तर त्याही त्यात येतात. प्रत्येक इमारतीला वर्षाची उत्सर्जनमर्यादा ठरवून दिलेली आहे. पहिला कालखंड २०२४ ते २०२९ आणि दुसरा २०३० ते २०३४ असा असून पुढे मर्यादा आवळत जाऊन २०५० साली शून्यावर यायची आहे. मर्यादेपेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक मेट्रिक टनाला वर्षाला २६८ डॉलर, म्हणजे आपल्या पैशांत बावीस हजार रुपयांच्या वर दंड बसतो. आदल्या वर्षाचा अहवाल १ मेपर्यंत द्यायचा असतो आणि तो नोंदणीकृत वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला असावा लागतो. ही पद्धत २०२५ पासून सुरू झाली.

दंड इमारतीच्या मालकावर बसतो, पण मोजणी संपूर्ण इमारतीची होते. भाडेकरूच्या खोलीतला एसी, तळमजल्यावरच्या उपाहारगृहाची शेगडी, जिन्यातला दिवा हे सारे एकाच खात्यात जमा होते. ‘भाडेकरूचे मीटर वेगळे आहे, ते आमचे नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. अंदाज बांधणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी मालकाच्या कानावर घालावी, कारण सगळी मीटरे जमेला धरण्यावरून पुढे होणारे बहुतेक वाद इथेच मिटतात.

काही इमारतींना वेगळा मार्ग आहे. प्रार्थनास्थळे आणि ज्यांतली पस्तीस टक्क्यांहून अधिक घरे भाडेनियंत्रणाखाली आहेत अशा काही इमारतींनी टनांचा हिशोब मांडण्याऐवजी ठरवून दिलेली ऊर्जाबचतीची तेरा कामे केली तरी चालते. इमारत या गटात बसते का, हे आधी पाहिले नाही तर पुढचा सारा खटाटोप वाया जातो.

क्षेत्रफळ: सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत महागडे पाऊल

आपल्याकडे फ्लॅट घेताना चटई क्षेत्र, बांधकाम क्षेत्र आणि सुपर बिल्ट-अप या तीन आकड्यांनी माणसाला घाम फुटतो. न्यूयॉर्कमध्येही मालमत्ता कराच्या नोंदीत एक आकडा, जाहिरातीत दुसरा आणि नकाशात तिसरा असतो. कार्बनच्या हिशोबाला यांपैकी कोणताही आंधळेपणाने घेता येत नाही. तिथे ऊर्जानोंदणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पोर्टफोलिओ मॅनेजर’ या सरकारी संगणकप्रणालीच्या व्याख्येप्रमाणे एकूण मजला-क्षेत्र घ्यावे लागते, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेले, तळघर, जिने, लिफ्टची विहीर, यंत्रखोली आणि प्रवेशदालन धरून येणारे क्षेत्र. वाहनतळ, उघड्या बाल्कन्या आणि गच्ची त्यात येत नाही.

याला इतके महत्त्व का, ते उदाहरणातूनच कळेल. समजा, न्यूयॉर्कमध्ये १,२०,००० चौरस फुटांची एक इमारत आहे, जिच्यात १,००,००० चौरस फूट घरे आणि २०,००० चौरस फूट कार्यालये आहेत. मूळ कायद्यात वापराचे मोजके गट होते, नंतरच्या नियमांनी त्यांच्या जागी सुमारे साठ वापरप्रकार आणले आणि प्रत्येकाला चौरस फुटामागे मर्यादा दिली. कायद्यात हे आकडे टनांत, म्हणजे दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग लावून दिलेले आहेत. मी नेहमी त्यांचे किलो करून घेतो, कारण ०.००६७५ टन लिहिताना एक शून्य सहज गळते आणि ६.७५ किलो लिहिताना तसे होत नाही. पहिल्या कालखंडात बहुकुटुंब घरांना चौरस फुटामागे ६.७५ किलो आणि कार्यालयांना ७.५८ किलो अशी मर्यादा आहे. त्यानुसार घरांचे ६७५ टन, कार्यालयांचे १५१.६ टन आणि एकूण मर्यादा ८२६.६ टन होते.

आता याच इमारतीच्या तळघरातली २,१०० चौरस फुटांची बॉयलरखोली मोजायची राहून गेली, असे धरा. एवढ्याने मर्यादा १४ टनांनी घटते आणि तेवढ्यापुरता दंड उगाच पदरात पडतो. उलट, वाहनतळ चुकून धरला गेला तर मर्यादा फुगते, दंड कागदावर नाहीसा होतो आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र शिल्लक राहतो, ज्याचा दंड ५,००,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून नकाशा समोर ठेवून मजल्यागणिक बेरीज करावी आणि तीत काय धरले व काय वगळले याची एक ओळ प्रत्येक मजल्यापुढे लिहून ठेवावी. वापरप्रकारही नकाशावर विसंबून ठरवू नये. नकाशात ‘कार्यालय’ लिहिलेल्या मजल्यावर पाच वर्षांपूर्वीच दवाखाना सुरू झालेला असतो, आणि हा अनुभव काही फक्त न्यूयॉर्कचा नाही.

बारा महिन्यांची बिले

इमारतीला जेवढी इंधने लागतात, तेवढ्या फाइली कराव्यात. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत वीज, पाइपमधून येणारा गॅस, टाकीत साठवलेले जळणाचे तेल आणि काही भागांत शहराच्या वाहिन्यांतून येणारी वाफ अशी चार इंधने असू शकतात. प्रत्येकाचे एकक वेगळे असते. वीज किलोवॉट-तासात, म्हणजे आपल्या ‘युनिट’मध्ये, गॅस थर्ममध्ये, तेल गॅलनमध्ये आणि वाफ हजार पौंडांत मोजली जाते. वर सांगितलेली नांदेडकडच्या अभियंत्याची गफलत इथलीच आहे. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एकक ठळक लिहिलेले नसेल तर मी तो तक्ता तपासायलाही घेत नाही.

दुसरी अडचण तारखांची असते. हिशोब १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा हवा असतो आणि मीटर वाचणारा मात्र त्याच्या सोयीने येतो. समजा, १४ डिसेंबर ते १३ जानेवारी या ३१ दिवसांचे बिल ४६,५०० युनिटांचे आहे. रोजची सरासरी १,५०० युनिटे धरली तर जानेवारीच्या १३ दिवसांच्या वाट्याला १९,५०० युनिटे येतात, आणि नव्या वर्षात तेवढीच घ्यायची. वर्षाच्या दोन्ही टोकांना ही वाटणी करावी लागते. कडाक्याच्या थंडीत गॅसचा वापर दिवसागणिक बदलत असल्याने त्याची अशी सपाट वाटणी थोडी चुकते, पण दोन टोकांची चूक बरीचशी एकमेकींना खाते, म्हणून वर्षाच्या बेरजेपुरते ते चालून जाते.

तिसरी अडचण अंदाजे वाचनाची. मीटर बंद असले किंवा तळघराला कुलूप असले की सरासरीने बिल येते आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम दुरुस्तीचे बिल येऊन पडते. आपल्या महावितरणच्या बिलावर ‘मागील रीडिंग’, ‘चालू रीडिंग’ आणि ‘गुणक अवयव’ असे रकाने असतात. मोठ्या जोडणीला हा गुणक अवयव विसरला की वापर कित्येक पटींनी कमी दिसतो. इथे काम केलेल्या माणसाला ही सवय असतेच, म्हणून परदेशी बिले हाताळतानाही त्याने तीच नजर ठेवावी. बाराही बिलांतील पहिले आणि शेवटचे वाचन जुळवून पाहावे. फरक आणि बेरीज जुळत नसेल तर कुठले तरी बिल हरवलेले आहे किंवा मीटर मध्येच बदलले गेले आहे.

मीटर राहून जाणे ही चौथी आणि सर्वांत वाईट गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच शहरातल्या एका रुग्णालयाच्या इमारतीचे लेखापरीक्षण करताना सगळी बिले जुळली, तरी लिफ्ट आणि पाण्याचे पंप कोणत्या मीटरवर चालतात ते कुणालाच सांगता येईना. शेवटी वायरमनने मागच्या भिंतीला असलेले गंजके पेटीमीटर दाखवले. ते अजून बिल्डरच्या नावावर होते, बिल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते आणि रुग्णालयाचा लेखनिक ते ‘इतर खर्च’ म्हणून दर महिन्याला निमूटपणे भरत होता. म्हणून खातेवही पाहून मीटरांची यादी करू नये, इमारतीला एक फेरी मारून करावी. न्यूयॉर्कला जाऊन फेरी मारता येत नसेल तर तिथल्या देखभाल करणाऱ्याकडून प्रत्येक मीटरचे छायाचित्र मागवावे.

गुणाकार

आता इंधनाला उत्सर्जनाच्या गुणकाने गुणायचे. २०२४ ते २०२९ या कालखंडासाठी न्यूयॉर्कच्या नियमांत विजेला युनिटमागे ०.२८८९६२ किलो, गॅसला हजार बीटीयूमागे ०.०५३११ किलो म्हणजे थर्ममागे ५.३११ किलो, आणि क्रमांक दोनच्या जळणाच्या तेलाला हजार बीटीयूमागे ०.०७४२१ किलो असे गुणक आहेत. एका गॅलन तेलात १३८ हजार बीटीयू धरले तर गॅलनमागे सुमारे १०.२४ किलो होतात.

आपल्या नमुना इमारतीचा वर्षाचा वापर ९,००,००० युनिटे वीज, ९०,००० थर्म गॅस आणि १०,००० गॅलन तेल असा आहे, असे समजू. विजेचे २६०.१ टन, गॅसचे ४७८ टन आणि तेलाचे १०२.४ टन मिळून ८४०.५ टन होतात. मर्यादा ८२६.६ टन होती, म्हणजे जास्तीचे १३.९ टन, आणि त्याला २६८ ने गुणले की वर्षाचा दंड सुमारे ३,७०० डॉलर येतो.

हा आकडा पाहून मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. १,२०,००० चौरस फुटांच्या इमारतीला ३,७०० डॉलर म्हणजे किरकोळ खर्च, तो भरून टाकू, असे तो म्हणतो. अंदाजपत्रक इथेच थांबवले तर अंदाज बांधणाऱ्याने मालकाची फसवणूक केली असे मी म्हणेन, कारण खरी गोष्ट पुढच्या कालखंडात आहे.

२०३० सालचा तोच गुणाकार

दुसऱ्या कालखंडात घरांची मर्यादा चौरस फुटामागे सुमारे ३.३५ किलोवर आणि कार्यालयांची सुमारे २.६९ किलोवर येते. नेमके आकडे ३.३४६६४ आणि २.६९०८५२ असे आहेत आणि अंतिम हिशोबात तेच वापरावेत. आपल्या इमारतीची मर्यादा त्यामुळे ८२६.६ वरून एकदम ३८८.५ टनांवर घसरते.

दुसऱ्या बाजूला विजेचा गुणक युनिटमागे ०.१४५ किलो होतो, म्हणजे निम्मा, कारण तोपर्यंत वीज अधिक स्वच्छ झालेली असेल असे नियमकर्त्यांनी गृहीत धरले आहे. गॅसचा आणि तेलाचा गुणक मात्र आहे तिथेच राहतो. गॅस जाळल्यावर निघायचा तेवढा कार्बन निघणारच. त्यामुळे वापर तसाच राहिला तर विजेचे १३०.५, गॅसचे ४७८ आणि तेलाचे १०२.४ मिळून ७१०.९ टन होतात, मर्यादेपेक्षा ३२२.४ टन जास्त. दंड वर्षाला सुमारे ८६,४०० डॉलर.

सहा वर्षे ३,७०० आणि त्यापुढची पाच वर्षे ८६,४०० अशी बेरीज केली तर अकरा वर्षांत साडेचार लाख डॉलर होतात आणि त्यांपैकी पंचाण्णव टक्के रक्कम शेवटच्या पाच वर्षांतली असते. जुना गुणक नव्या मर्यादेला लावणे ही इथली नेहमीची चूक. तसे केले तर आपल्या इमारतीचा २०३० चा दंड १,२१,००० डॉलरच्या आसपास दिसेल, मालक घाबरेल, आणि घाबरलेला मालक जो पहिला विक्रेता दार ठोठावेल त्याच्याकडून यंत्र विकत घेईल. प्रत्येक कालखंडासाठी तक्त्याचे वेगळे पान करावे आणि मर्यादा व गुणक दोन्ही त्याच पानावर लिहावेत.

अहवाल न देण्याचा दंड वेगळा असून तो चौरस फुटामागे महिन्याला अर्धा डॉलर आहे. आपल्या इमारतीला तो महिन्याला ६०,००० डॉलर पडेल, म्हणजे वर्षभराच्या उत्सर्जन दंडाच्या सोळापट रक्कम एका महिन्याच्या आळसापायी.

उपायांचा हिशोब दंडाच्या पानावरच

दंड किती हे कळल्यावर मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय केले तर किती वाचेल? याचे उत्तर त्याच तक्त्यात, तेच गुणक वापरून द्यावे.

समजा, बॉयलरची दुरुस्ती, वाफेचे गळके ट्रॅप (वाफ अडवून नळीतले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदलणे आणि नळ्यांवर आवरण चढवणे एवढ्याने गॅस १५ टक्के वाचला. ७१.७ टन घटतात आणि चालू कालखंडातला दंड पूर्ण संपतो. २०३० नंतर मात्र २५०.७ टन जास्तीचे उरतातच आणि दंड वर्षाला सुमारे ६७,००० डॉलर राहतो. म्हणजे हे काम करायलाच हवे, पण ते पुरेसे नाही, हे त्याच पानावर लिहून द्यावे.

आता दुसरा पर्याय पाहू. सगळे तेल आणि ६० टक्के गॅस बंद करून ती उष्णता हीट पंपातून घ्यायची. एसी उलटा चालवल्यासारखे हे यंत्र एक युनिट वीज घेऊन अडीच युनिटांएवढी उष्णता आत आणते, असे धरू, आणि जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के मानू. ५४,००० थर्म गॅस आणि १०,००० गॅलन तेल यांतून मिळणारी उष्णता भरून काढायला वर्षाला सुमारे ६,३६,००० युनिटे जादा वीज लागते. २०३० च्या गुणकाने त्या विजेचे ९२.२ टन होतात, तर वाचलेल्या इंधनाचे ३८९.२ टन जातात. निव्वळ घट २९७ टनांची, उरलेला जादा भार २५.४ टनांचा, आणि दंड ८६,४०० वरून ६,८०० डॉलरवर येतो.

या पानावर एक ओळ आवर्जून असावी: दंडातली बचत आणि इंधन-विजेच्या बिलातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कची वीज गॅसच्या तुलनेत महाग असल्याने दंड ८०,००० डॉलरने घटला तरी वीजबिल किती वाढेल, हे स्वतंत्र मांडल्याशिवाय गुंतवणूक किती वर्षांत फिटेल ते सांगता येत नाही. केवळ दंडाची बचत दाखवून परतफेडीची वर्षे काढणारे अहवाल मी पाहिले आहेत. ते वाचायला छान असतात.

नूतनीकरणक्षम ऊर्जेची प्रमाणपत्रे आणि उत्सर्जनाची भरपाई (दुसरीकडे उत्सर्जन घटवणाऱ्या कामांना पैसे देणे) विकत घेण्याच्या सवलतीही कायद्यात आहेत, पण त्यांना अटी आहेत. प्रमाणपत्रे फक्त विजेच्या उत्सर्जनातून वजा होतात आणि ती वीज न्यूयॉर्क शहराच्या विभागात निर्माण झालेली किंवा थेट तिथे पोहोचणारी असावी लागते. भरपाई पहिल्या कालखंडात मर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंतच चालते. ज्या इमारतीचा मोठा भार गॅसचा आहे, तिला प्रमाणपत्रे फारशी तारत नाहीत. पहिल्या अंदाजात या सवलती शून्य धराव्यात आणि नंतर वेगळ्या ओळीत दाखवाव्यात.

जालना रोडवरचे संकुल

आपल्याकडे इमारतीला टनामागे असा दंड नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तीत कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, व्यापाराची तरतूद आली आणि १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमसंहितेची व्याप्ती वाढली. कार्बन व्यापाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली, पण तिचा रोख उद्योगांकडे आहे. तरीही परदेशी कंपन्या भाड्याने जागा घेताना इमारतीचे उत्सर्जन विचारू लागल्या आहेत, त्यामुळे हा हिशोब इथेही कामाला येतो.

समजा, जालना रोडवर ६०,००० चौरस फुटांचे तीन मजली संकुल आहे, त्यात बँक, दवाखाने आणि दुकाने आहेत. वर्षाचा वापर ६,००,००० युनिटे वीज, जनरेटरला ९,००० लिटर डिझेल आणि उपाहारगृहाला १९ किलोचे १२० सिलिंडर असा आहे. आपल्या देशाच्या ग्रिडचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे युनिटमागे सुमारे ०.७२ किलो आहे, डिझेलचा लिटरमागे सुमारे २.६८ किलो आणि गॅस सिलिंडरचा किलोमागे सुमारे ३ किलो. विजेचे ४३२, डिझेलचे २४ आणि सिलिंडरचे ७ मिळून ४६३ टन होतात, म्हणजे चौरस फुटामागे ७.७ किलो.

हेच संकुल, याच वापरासह, न्यूयॉर्कच्या सध्याच्या वीजगुणकाने मोजले तर २०४ टन भरते, चौरस फुटामागे ३.४ किलो. न्यूयॉर्कची कार्यालयांची आजची मर्यादा ७.५८ किलो आहे. म्हणजे एका गुणकाने आपले संकुल दंडपात्र ठरते आणि दुसऱ्याने निम्म्याहूनही खाली राहते, आणि आत एक दिवाही कमी-जास्त झालेला नसतो. बँकेतला एसी संभाजीनगरात चालतो, पण त्याचा धूर परळीच्या, चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या चिमणीतून निघतो, आणि त्या चिमण्या मालकाच्या हातात नाहीत. उद्या इथे असा कायदा करायचा झाला तर न्यूयॉर्कची मर्यादा जशीच्या तशी उचलून आणणे अन्यायाचे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे गॅसवर इमारती तापवायच्या नाहीत, उन्हाळ्यात बेचाळीस अंशांना थंड करायच्या आहेत, त्यामुळे भार जवळपास सगळा विजेचा आहे. म्हणूनच गच्चीवरचे सौर पॅनल इथे न्यूयॉर्कपेक्षा जास्त फळ देतात. १०० किलोवॉटच्या संचातून मराठवाड्याच्या उन्हात वर्षाला साधारण १,४०,००० युनिटे मिळतात आणि ०.७२ च्या गुणकाने त्यांचे १०० टन होतात.

इथल्या इमारतीची माहिती गोळा करताना डिझेल सर्वांत जास्त छळते. ते कॅनमधून येते, पावती पेट्रोल पंपाची असते आणि त्याच पावतीत मालकाच्या गाडीचेही डिझेल मिसळलेले असते. अशा वेळी वॉचमनची वही मागवावी. त्यात ‘लाइट गेली ११.१०, आली १२.५०’ अशा नोंदी असतात, त्यांवरून जनरेटरचे तास काढता येतात. १२५ केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला वीस लिटरच्या आसपास डिझेल खातो, तेव्हा तासांवरून आलेला आकडा आणि पावत्यांची बेरीज शेजारी ठेवून पाहावी. पाण्याचीही एक गंमत आहे. बोअरचा पंप इमारतीच्या मीटरवर चालतो, म्हणून तो हिशोबात येतो. मेमध्ये बोअर आटला की टँकर सुरू होतात, पण टँकरचे डिझेल रस्त्यावर जळते, ते इमारतीच्या खात्यात येत नाही. त्यामुळे पाण्याची सर्वांत जास्त ओढाताण असलेल्या महिन्यात पंपाचे उत्सर्जन कागदावर सर्वांत कमी दिसते. तक्ता पाहणाऱ्याने ती बचत समजू नये, म्हणून त्या महिन्यापुढे ‘बोअर बंद, टँकर चालू’ एवढे शब्द लिहून ठेवावेत.

अंदाजपत्रकाच्या तळाशी मी चार गोष्टी लिहितो: क्षेत्रफळ कोणत्या नकाशावरून घेतले, कोणती बिले सरासरीची होती, गुणक कोणत्या वर्षाचे आहेत आणि कोणते मीटर पाहता आले नाही. नांदेडकडच्या त्या अभियंत्याने दुरुस्त केलेला तक्ता परत पाठवला, तेव्हा चौथ्या ओळीत त्याने लिहिले होते, ‘तळघरातील धुलाईयंत्रांचे मीटर, छायाचित्र अजून आलेले नाही’. तोवर दंडाचा आकडा त्याने पेन्सिलीनेच ठेवला होता.